क्रोम अपडेट होत नाही तेव्हा

रामदासपेठेतल्या आमच्या बैठकीत एका ताईंचा फोन अडला. बँकेचं पान उघडेना, क्रोम अपडेट होईना, आणि गटाचा हप्ता भरायची शेवटची तारीख! पाहिलं तर फोन लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेला. नको ते पुसलं, फोन बंद करून चालू केला, प्ले स्टोअरमधून अपडेट घेतलं; काम झालं.

तरीही अडलं तर सेटिंगमध्ये अँड्रॉइड कितवं ते बघा. १० पेक्षा जुनं असेल तर २०२५ पासून नवं क्रोम त्यावर येतच नाही. चूक तुमची नाही. पैशांचं काम मग बँकेत जाऊनच करा.

आणि मेसेजमधून आलेल्या ‘अपडेट करा’च्या लिंकला हात लावू नका. गटाचा पैसा घामाचा आहे, बायांनो.