भाताच्या खाचरातून झालेली सुरुवात



१९८० च्या सुमाराला व्हिएतनामच्या हनोई शहरात सरकारी दुकानापुढे पहाटेच रांग लागायची. रांगेत माणसांच्या मधे विटाही असत, त्यांच्यावर मालकाचं नाव लिहिलेलं. माणूस दुसरं काम उरकून येईपर्यंत त्याचा नंबर वीट धरून ठेवी. रेशनचं पुस्तक हरवलं तर घरात हाहाकार उडे. पार उतरलेल्या चेहऱ्याला ‘तांदळाचं पुस्तक हरवल्यासारखा’ म्हणायची रीत तिथे आजही आहे.

तांबडी नदी आणि मेकाँग यांच्या सुपीक त्रिभुज प्रदेशांचा हा देश, आणि तांदूळ बाहेरून आणत होता! उत्तरेत जमीन सहकारी संस्थांच्या ताब्यात होती. दिवसभराच्या कामाचे गुण वहीत मांडायचे आणि हंगाम संपला की त्या हिशेबाने धान्य मिळायचं. जीव तोडून राबणाऱ्याच्या पदरात फारसं जास्त काही पडत नसे. मग राबावं कुणी?

विन्ह फुक प्रांतातले कम्युनिस्ट पक्षाचे सचिव किम न्गोक यांनी हे ओळखलं होतं. १९६६ मध्ये, ऐन युद्धात, त्यांनी शेताचे तुकडे एकेका कुटुंबाकडे कराराने सोपवले. पीक वाढलं, पण वरिष्ठांना हे मार्गभ्रष्ट होणं वाटलं. किम न्गोक यांना आपली चूक लेखी कबूल करावी लागली आणि योजना बंद पडली. १९७९ मध्ये ते वारले. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

डिसेंबर १९८६ मध्ये महागाई शेकडो टक्क्यांनी वाढत असताना पक्षाच्या सहाव्या अधिवेशनात ‘दोइ मोइ’ हे नूतनीकरणाचं धोरण ठरलं. पक्षाच्या १९८८ च्या दहाव्या ठरावाने जमीन कसण्यासाठी कुटुंबांच्या हाती दिली. किम न्गोक यांचंच म्हणणं, बावीस वर्षांनी! पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, व्हिएतनामने दहा लाख टनांहून अधिक तांदूळ निर्यात केला.

माझ्या मते खरी गोम या क्रमात आहे. आधी शेती सुधारली, मोठे कारखाने मागून आले. अमेरिकेची व्यापारबंदी १९९४ मध्ये उठली, जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश २००७ मध्ये मिळाला आणि मग बाक निन्ह प्रांतात सॅमसंगचे मोबाइल बनू लागले. तोवर खेड्यातल्या घरात पोटापुरतं धान्य आलं होतं आणि कामाला निघालेल्या मुली शाळा शिकलेल्या होत्या. १९९३ मध्ये शंभरातले ५८ लोक गरीब होते; २००२ मध्ये २९.

पण त्याच २००२ मध्ये बहुतेक डोंगराळ भागात राहणाऱ्या अल्पसंख्य जमातींत गरिबीचं प्रमाण ६९ टक्के होतं, तर बहुसंख्य किन्ह आणि चिनी वंशाच्या होआ समाजांत २३. दाक लाकच्या पठारावर कॉफी बहरली, पण ती लावायला सपाटीवरून माणसं लोटली आणि मूळच्या एडे लोकांच्या हातची जमीन आणि रान कमी होत गेलं. शाळेची भाषा व्हिएतनामी, घरची निराळी, त्यामुळे अल्पसंख्य जमातींची मुलं पहिल्याच इयत्तेत मागे पडतात. लाओ काईत ह्मोंग, ग्या लाईत जराई आणि त्रा विन्हमध्ये ख्मेर भाषेतून शिकवायचे वर्ग २००८ पासून प्रयोग म्हणून सुरू झाले. जमीन सोपवायला जी तडफ दाखवली, त्याच तडफेने हे वर्ग डोंगरातल्या प्रत्येक पाड्यावर पोचायला हवेत.