तंजावरची तळी आणि देखभालीचे अर्थकारण



तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि तेथील मोडी कागदपत्रे आठवतात. आज मात्र आपले लक्ष मी या शहराच्या तळ्यांकडे वेधू इच्छितो. बृहदीश्वर मंदिराला लागून शिवगंगा तलाव आहे. सेवप्पनायकन तलावात पावसाचे पाणी प्रथम थांबे, गाळ तळाशी बसे आणि निवळलेले पाणी जमिनीखालील वाटेने शिवगंगेत येई. या वाटांना ‘जलसूत्र’ असे नाव होते. नायक राजांच्या काळातील ही व्यवस्था भोसल्यांच्या राजवटीतही उपयोगात राहिली.

कावेरीच्या मुखाशी, कल्लणै आणि मेट्टूरसारखी कामे पाठीशी असताना, पावसाच्या पाण्याची एवढी काळजी कशासाठी, असे आपणांस वाटेल. जानेवारी 2017 मध्ये तामिळनाडू शासनाने संपूर्ण राज्य दुष्काळग्रस्त जाहीर केले. पुढच्याच वर्षी मेट्टूर धरण भरले, कोळ्ळिडम नदीला पूर आला आणि 22 ऑगस्ट 2018 रोजी मुक्कोंबू येथील बंधाऱ्याचे नऊ दरवाजे वाहून गेले. पाणी समुद्राकडे धावत असताना कालव्यांच्या शेवटच्या टोकाकडील शेतकरी पाण्याची वाट पाहत होते. त्यातच येथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, मोजक्या दिवसांत कोसळतो. जमीन सपाट असल्याने त्याचा निचरा सावकाश होतो.

एक साधे गणित करू. एक हेक्टर क्षेत्राच्या तळ्यात सरासरी अर्धा मीटर गाळ साचला, तर पाच हजार घनमीटर, म्हणजे 50 लाख लिटर पाण्याची जागा गेली. पाच हेक्टर जमिनीवर पडलेल्या 100 मिलिमीटर पावसाचे पाणी एवढेच भरते. हेच पाणी शेतात तुंबते आणि उन्हाळ्यात हवे असते तेव्हा नसते.

मग हा गाळ कोणी काढावयाचा? पूर्वी ‘कुडिमरामत्तु’ पद्धतीने गावकरी श्रमदान करीत. तिचे फार गोडवे गाऊ नयेत. श्रमाचा भार सर्वांवर सारखा नसे, आणि 1858 मध्ये ब्रिटिशांना त्यासाठी सक्तीचा कायदा करावा लागला. स्वातंत्र्यानंतर नवे बांधकाम योजनांतर्गत खर्चात मोडे, दुरुस्ती मात्र बहुधा योजनेतर खर्चात ढकलली जाई; आणि काटकसरीची कात्री प्रथम तेथेच लागे. हा भेद 2017-18 च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून संपला, सवय मात्र टिकली. त्याच सुमारास तामिळनाडूने कुडिमरामत्तुचे पुनरुज्जीवन केले. त्यात लाभधारकांचा दहा टक्के वाटा श्रम, साहित्य वा रोख स्वरूपात अपेक्षित होता. हा वाटा मला रकमेपेक्षा अधिक मोलाचा वाटतो, कारण पैसे घातलेला शेतकरी हिशेब विचारतो.

तंजावर शहरात अलीकडे स्मार्ट सिटी योजनेतून अय्यनकुळम् तळ्याची दुरुस्ती झाली. त्याचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तेथील गाळ काढण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात दाखवला जातो, हे पाहण्याची उत्सुकता मला आहे; आपणही आपल्या गावच्या तळ्याबाबत तेवढे अवश्य पाहावे.