असे कोण कोणास म्हणाले?





गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या मराठी शाळेतली एक मुलगी गृहपाठाचा कागद घेऊन माझ्याकडे आली. ती नववीत आहे. अमेरिकेतल्या पुष्कळ शाळांत नववीला ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ असतं, तसं ते इथे अल्फारेटातही आपल्या मुलांच्या वाट्याला येतं. कागदावर नाटकातली दहा वाक्यं होती आणि प्रत्येकाखाली प्रश्न होता: हे कोण म्हणालं, कोणाला म्हणालं, का म्हणालं? म्हणजे आपण शाळेत सोडवलेला ‘असे कोण कोणास म्हणाले?’ हाच तो प्रश्न. हातचे मार्क म्हणून तो आपण घाईने उरकत आलो. माझं मत असं आहे की नाटक वाचताना याहून मोठा प्रश्न नाही. आज मला तेवढंच सांगायचं आहे.

त्या मुलीची अडचण भाषेची होती. ‘दाऊ’ हा शब्द जुना, म्हणून तो आदराचा असणार, असा तिचा समज होता. मी विचारलं, “आजोबांना काय म्हणतेस?” ती म्हणाली, “तुम्ही.” “आणि आईला?” “तू.” मी म्हटलं, “मग ‘दाऊ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. आता पुन्हा वाच.”

तिने वाचलं. मेजवानीतल्या पहिल्या भेटीत दोघांचं बोलणं चौदा ओळींच्या सुनीतात गुंफलेलं आहे. तिथे ज्युलिएट त्याला ‘तुम्ही’ म्हणते. त्याच रात्री ती खिडकीत एकटी असते, तो खाली बागेत ऐकतो आहे हे तिला ठाऊक नसतं, आणि ती त्याला ‘तू’ म्हणते. मधे काही तास गेलेत. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येण्यात काय ओलांडलं जातं, हे मराठी घरात वाढलेल्या मुलीला वेगळं शिकवावं लागलं नाही. तिचा चेहराच बदलला.

नावाला काही अर्थ नसतो, या अर्थाचं ते जगप्रसिद्ध वाक्य याच प्रवेशातलं आहे. आपल्या भाषणांत ते ‘शेक्सपिअर म्हणतो’ म्हणून येतं. शेक्सपिअर तसं म्हणत नाही. चौदावं वर्षही न संपलेली एक मुलगी म्हणते, आणि तिच्या समजुतीप्रमाणे कोणालाही नाही, स्वतःशीच. आर्थर ब्रूकच्या १५६२ च्या काव्यात ज्युलिएट सोळाच्या आसपास आहे आणि कथा कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने तिचं वय उतरवलं आणि सगळं रविवार ते गुरुवार एवढ्यात आणलं. त्या पोरीला नाव टाकून द्यायचं आहे, आणि ते टाकता येत नाही हे नाटक तिला चार दिवसांत दाखवतं. आपल्यातल्या ज्यांनी २०१६ मध्ये ‘सैराट’ पाहिला आणि जे चित्रपटगृहातून एक शब्द न बोलता बाहेर पडले, त्यांना ज्युलिएटचं व्हेरोना समजावून सांगायला नको.

‘तू’ला दुसरी धारही आहे. तिसऱ्या अंकात टिबॉल्ट भर रस्त्यात रोमिओला ‘तू’ म्हणतो, ते डिवचण्यासाठी. रोमिओही उलट ‘तू’च म्हणतो, पण जिव्हाळ्याने, कारण त्याचं ज्युलिएटशी नुकतंच लग्न लागलं आहे. मुलीच्या वहीत टिबॉल्टपुढे ‘कझिन’ एवढंच लिहिलेलं होतं. ज्युलिएटची आई त्याला आपल्या भावाचा मुलगा म्हणते. म्हणजे तो ज्युलिएटचा मामेभाऊ, आणि आता रोमिओचा मेहुणा. “म्हणजे तो स्वतःच्या मेहुण्याला मारतो?” मुलीने विचारलं. हो, मेहुण्यालाच. ‘कझिन’ या शब्दाखाली हे झाकून राहतं.

कागदावरच्या दहा वाक्यांत एक वाक्य नव्हतं, आणि माझ्या लेखी ज्युलिएटचं सगळ्यात मोठं वाक्य तेच. तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश. गुरुवारी मी ठरवलेल्या पॅरिसशी लग्न कर, नाहीतर घराबाहेर हो, असं बाप बजावून जातो. आईही पाठ फिरवते. उरते ती जिने अंगावर पाजलं ती दाई, आणि तीही म्हणते, पॅरिसशीच लग्न कर. तेव्हा ज्युलिएट शांतपणे तिला सांगते की तुझ्या बोलण्याने माझं फार समाधान झालं. त्यात उपमा नाही, फुलं नाहीत, चांदणं नाही. ते धडधडीत खोटं आहे. पण जन्मभर जिला सगळं सांगितलं तिच्याशी ती पहिल्यांदा खोटं बोलते, आणि तिथे तिचं बालपण संपतं. सुभाषितासारखं वाक्य महत्त्वाचं नसतं. जे बोलल्यावर माणसाला मागे फिरता येत नाही, ते महत्त्वाचं असतं.

आपल्या रंगभूमीकडेही असंच पाहायला हवं. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं, देवलांनी १८९० मध्ये त्याचं ‘झुंजारराव’ केलं. मूळ नाटकात नवऱ्याच्या हातून मरणारी डेस्डिमोना दासी एमिलियाला सांगते की हे माझं मीच केलं. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, ते गेल्यानंतर महिन्याभरात, रंगभूमीवर आला. त्यातली सिंधूही शेवटच्या घटकेला दारुड्या नवऱ्याला, सुधाकरला, वाचवण्यासाठी खोटं बोलते. बालगंधर्वांच्या सिंधूपुढे प्रेक्षक रडले आणि त्या खोट्याला पातिव्रत्य म्हणाले. मला आज तसं म्हणवत नाही. ती हे कोणाला सांगते? पोलिसांना, म्हणजे तिचं गाऱ्हाणं ऐकून घेऊ शकणाऱ्या माणसांनाच. इथली मुलं विचारतात, ती निघून का गेली नाही? हा प्रश्न उद्धट नाही. त्याला बगल देऊन आपण गडकऱ्यांचा मान राखत नाही. तो अंक मुलांबरोबर वाचावा आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं.

आपली नाटकं इथे तळघरांत तालमी करून उभी राहतात. तिथेच महिन्यातली एक संध्याकाळ वाचनासाठी ठेवूया. मंगेश पाडगांवकरांनी ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ मराठीत आणलेलं आहे. ते एका हातात आणि मुलांचं शाळेतलं पुस्तक दुसऱ्या हातात असू द्या. तिसऱ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशापासून सुरुवात करा. ज्युलिएट नववीतल्या मुलीने वाचावी. भारतातून आजी आली असेल, तर दाईचं काम तिला द्या.