सेवा करणाऱ्यांची सेवा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त औंध येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



जैन परंपरेने सांगितलेल्या सहा अंतरंग तपांमध्ये वैयावृत्त्य हे एक तप आहे. रुग्ण, थकलेल्या व वृद्ध मुनिजनांची सेवा हा त्याचा मूळ अर्थ. सेवेला तपाचा दर्जा देणाऱ्या या परंपरेने अहिंसाणुव्रताचे पाच अतिचारही सांगितले आहेत. त्यांत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीपलीकडे ओझे लादणे, आणि अन्नपाननिरोध, म्हणजे वेळेवर अन्नपाणी मिळू न देणे, हे दोन अतिचार येतात. उसाच्या गाडीला जुंपलेला बैल चढावर गुडघे टेकतो, तेव्हा पहिल्या अतिचाराचा अर्थ या भागात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. मात्र रुग्णालयात पांढऱ्या गणवेशातील परिचारिकेवर तेच ओझे लादले जाते, तेव्हा ते सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तिच्या सेवेचा गौरव होतो. तिचा भार कोणी मोजत नाही.

हा भार मोजण्याचे माप उपलब्ध आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सामान्य कक्षात अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी. रजेवर जाणाऱ्यांच्या जागी 30 टक्के राखीव मनुष्यबळ असावे, असेही निकष सांगतो. प्रत्यक्षात अनेक रुग्णालयांत रात्रपाळीला संपूर्ण कक्ष एकट्या परिचारिकेवर सोपविलेला असतो. सलाईन बदलणे, इंजेक्शने देणे, नोंदी लिहिणे, नातेवाइकांचा रोष सोसणे आणि डॉक्टरांच्या फोनची वाट पाहणे यांत रात्र सरते. डबा तसाच राहतो. सकाळी बदलीची सिस्टर आली नाही, तर तीच पाळी पुढे चालू राहते.

अशा श्रमांतून जे उद्भवते त्याला 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची व्याख्या केली. हा आजार नसून कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन, न हाताळलेल्या ताणाचा परिणाम आहे, असे त्या संघटनेने स्पष्ट केले. त्याची लक्षणे तीन: शक्ती पूर्णपणे ओसरणे, कामाविषयी मनाने दुरावणे आणि कार्यक्षमता घटणे. थकवा एका रात्रीच्या झोपेने जातो. हे आतून विझणे तसे जात नाही. रुग्णाच्या हाकेला रुक्ष उत्तर देणारी सिस्टर स्वभावानेच कठोर असते, असे मानणे म्हणूनच अन्यायाचे आहे. दोष पुष्कळदा व्यवस्थेचा असतो आणि शिक्षा परिचारिका व रुग्ण या दोघांनाही होते.

विझण्यापूर्वी ज्यांना जाता येते, त्या जातात. सांगली-साताऱ्याची मुलगी शिकून पुण्या-मुंबईला जाते, तेथून आखातात किंवा इंग्लंडला. तिला रोखण्यासाठी बॉण्ड लिहून घेणे किंवा मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे हा मार्ग काही ठिकाणी अवलंबिला गेला. त्याने माणूस अडकतो, टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील आदेशानुसार नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांसाठी वेतनाच्या शिफारशी केल्या. 200 हून अधिक खाटा असल्यास शासकीय परिचारिकेइतके वेतन द्यावे आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान 20,000 रुपये द्यावेत, असे त्यांत होते. मे 2022 मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाहेरच्या संस्थांमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा प्रश्न पगारापुरता नव्हता. तो स्थैर्याचा आणि सन्मानाचा होता.

सन्मान मिळाला म्हणजे काय घडते, हे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाने दाखविले आहे. नोव्हेंबर 1973 मध्ये तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच अत्याचार झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यांच्यासाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी परिचारिकांनी संप केला. पुढे 1980 च्या दशकात त्यांना रुग्णालयातून हलविण्याचे प्रयत्न झाले. परिचारिकांनी विरोध केला आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. 18 मे 2015 रोजी अरुणाताईंचे निधन झाले. जवळजवळ 42 वर्षे परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात त्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. ही सेवा एकटीच्या खांद्यावर नव्हती. ती वाटून घेतलेली होती. शिवाय या परिचारिकांचा शब्द प्रशासनाला ऐकावा लागला होता. वाटून घेतलेला भार आणि मानला गेलेला शब्द, या दोन गोष्टींवर ती सेवा चार दशके उभी राहिली.

शब्द मानणे म्हणजेच सक्षमीकरण. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी 1977 मध्ये मांडले की, माहिती, साधने, पाठबळ आणि प्रगतीची संधी मिळाली की सामान्य कर्मचारीही निष्ठेने काम करतो. त्या नाकारल्या की तोच उदासीन होतो. कॅनडातील हेदर लॅशिंगर यांनी हा विचार परिचारिकांच्या बाबतीत अभ्यासला.

औंधकरांना मात्र यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. 21 जानेवारी 1939 रोजी याच संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने तयार झालेली स्वराज्याची घटना लागू केली आणि कारभाराचे अधिकार लोकनियुक्त पंचायतींकडे सोपविले. आपल्या हातची सत्ता स्वेच्छेने खाली देणारा राजा या मातीने पाहिला. जे एका संस्थानाला साधले, ते एका रुग्णालयाच्या विश्वस्तांना का साधू नये?

धर्मादाय रुग्णालय चालविणाऱ्या किंवा त्यास देणगी देणाऱ्या प्रत्येक संस्थेने यासाठी काही प्रश्न स्वतःला विचारावेत. रात्रपाळीला किती रुग्णांमागे एक परिचारिका आहे? पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी मिळते का? जेवणासाठी अर्धा तास आणि विश्रांतीसाठी खोली आहे का? व्यवस्थापन समितीच्या बैठकीत अधिसेविकेला स्थान व मत आहे का? नातेवाईक अंगावर धावून आले, तर संस्था कोणाच्या मागे उभी राहते? नव्या यंत्रासाठी देणगी सहज मिळते, कारण यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. एका वाढीव परिचारिकेच्या वेतनावर नाव कोरता येत नाही. म्हणूनच ते दान अधिक निर्मळ आहे.

मुंगीचाही जीव जपणाऱ्या समाजाने रुग्णाच्या उशाशी जागणाऱ्या बहिणीचा भार हलका करावा. तिच्या सत्काराची शाल थोडी उशिरा आली तरी चालेल. बदलीची सिस्टर वेळेवर यावी.

जय जिनेंद्र!