पोच

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

मी बँकेत बत्तीस वर्षं काउंटरवर काढली, म्हणून चेअरमनसाहेबांनी मला विषय दिला, ‘नवरा-बायको आणि घरचा पैसा’. विषय नाजूक आहे. घरी गेल्यावर कोणाचं वाजलं, तर जबाबदारी कमिटीची!

आपल्या कोकणाला पूर्वी मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत. नवरा मुंबईला गिरणीत, बायको गावी. मनीऑर्डरच्या फॉर्मवर निरोपाला थोडी जागा असे. दुकानदाराचे आधी द्या, कौलांचं नंतर बघू, असं त्यात लिहिलेलं. पैसे घेताना बाई सही करी किंवा अंगठा उठवी आणि ती पोच परत मुंबईला जाई. म्हणजे किती आले, कशासाठी आले, हातात पडले का, हे दोघांनाही ठाऊक. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, मनीऑर्डरी आटल्या. तेव्हा देणं किती, येणं किती, हे गावच्या बाईला तोंडपाठ होतं, म्हणून कितीतरी घरं तगली.

आज पैसा मोबाइलवरून क्षणात जातो, पण नवरा-बायकोतली ही पोच मात्र बंद पडली. काउंटरवर मी किती बायका बघितल्या! नवरा जाऊन तेरा दिवस झालेले, हातात पिशवी, पिशवीत सापडतील तेवढी पासबुकं. “ताई, ह्यात आमचं काय काय आहे ते बघा हो.” पुरुषही बघितले. बायकोची पेन्शन कुठल्या खात्यात येते आणि तिने भिशीचे पैसे कोणाकडे ठेवलेत, याचा पत्ता नाही. ही माणसं अडाणी नव्हती, एकमेकांवर जीव असलेली होती. “ते सगळं हेच बघतात,” एवढ्यावर संसार चाललेला.

चार वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना रात्री छातीत दुखायला लागलं. आंबा घाटातून कोल्हापूरला नेलं. पहाटे अनामत भरायची होती. खातं दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ या पद्धतीचं. विम्याचं कार्ड कुठल्या कप्प्यात आहे, हे मला माहीत होतं. मी पैसे भरले आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या वेळी मला त्यांच्याजवळ बसता आलं, ते या माहितीमुळे.

आमची पद्धत साधी आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा झाला की वही उघडायची. दोघांच्या कमाईतून घरखर्च, हप्ते, मेंटेनन्स आणि शिल्लक ही आधी बाजूला. मग दोघांना थोडी थोडी रक्कम, जिचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. त्यांनी गळ आणावा, मी साडी आणावी, भुवई वर जाता कामा नये. मात्र कर्ज काढणं, कोणाला जामीन राहणं, हातउसने मोठे पैसे देणं, हे एकमेकांना सांगितल्याशिवाय नाही. ज्यांचं घर बागेवर चालतं, त्यांनी तर आंब्याचा पैसा हातात आला की वर्षाचे बारा भाग दोघांनी बसून करावेत. मे महिन्यात माणूस श्रीमंत असतो, पण शाळेची फी जूनमध्ये येते आणि गणपती त्याच्या मागोमाग.

आता आपल्या सोसायटीचं. शेअर सर्टिफिकेट काढून बघा, त्यावर कोणाचं नाव आहे? नामनिर्देशन केलंय का? एक गैरसमज काढून टाका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आपल्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार सभासद गेल्यावर नॉमिनीला मिळतं ते तात्पुरतं सदस्यत्व. खरे वारस ठरेपर्यंत तो फक्त सांभाळणारा. म्हणून नॉमिनीबरोबर मृत्युपत्रही करा, आणि ते कुठे ठेवलंय हे जोडीदाराला सांगा. नाहीतर लपवलेलं मृत्युपत्र उंदरांच्याच कामाचं.

तरुण मंडळी म्हणतील, आमची खाती वेगळी, आम्ही स्वतंत्र. जरूर वेगळी ठेवा. बाईच्या नावावर तिचं स्वतःचं खातं असायलाच हवं. पण खातं वेगळं असणं निराळं आणि माहिती लपवणं निराळं. आणि काका लोकांनो, “तिला त्यातलं काय कळतं” हे आता सोडा. वाण्याकडची उधारी, दूधवाल्याचे खाडे, बाईचा पगार, हे सगळं जी पंचवीस वर्षं सांभाळते, तिला मुदत ठेव नक्की कळेल.

नामनिर्देशनाचे फॉर्म आज दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवणाला जाताना प्रत्येक घराने घेऊन जावेत. दोघांनी मिळून वाचा, भरा, ऑफिसात द्या, आणि हो, सेक्रेटरींकडून पोच घ्यायला विसरू नका.