आत्या बाकावरच का बसते?



मी वक्ता नाही. वसईतल्या एका चर्चमध्ये दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण शिकवते, बाकी घर, नोकरी आणि दोन मुलं. तुमच्या कार्यकर्त्या ताई म्हणाल्या, "घरातलं बोला, धर्मावर व्याख्यान नको." म्हणून घरातलंच बोलते.

माझा मुलगा नववीत होता. आमच्याकडे त्या वयात मुलांचा दृढीकरण संस्कार होतो. बाप्तिस्मा होतो तेव्हा बाळ काही आठवड्यांचं असतं, 'होय, माझी श्रद्धा आहे' हे त्याच्या वतीने आईबाप आणि धर्मपालक म्हणतात. दृढीकरणात तोच होकार मुलाने स्वतःच्या तोंडाने द्यायचा असतो. बिशप येतात, कपाळाला पवित्र तेल लावतात, घरी जेवण असतं. माझ्या मुलाने फॉर्म परत आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मी नाही करणार."

मी कारण विचारलं. तो म्हणाला, "आत्या बाकावरच का बसते?"

माझ्या नणंदेची हकीकत सांगितल्याशिवाय हा प्रश्न कळणार नाही. चार वर्षांच्या संसारानंतर तिचा नवरा आखाती देशात नोकरीला गेला तो परत आलाच नाही. ना पत्र, ना पैसा. पदरात एक मुलगी. ती वकिलाकडे गेली. तेव्हा आम्हा ख्रिस्ती लोकांना 1869 चा घटस्फोट कायदा लागू होता, इंग्रजांनी केलेला. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की घटस्फोट मिळायचा. बायकोला मात्र व्यभिचार सिद्ध करून वर क्रौर्य किंवा टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागायचं. परदेशात बसलेल्या माणसाचा व्यभिचार वसईत बसून कसा सिद्ध करणार? ती गप्प घरी आली. 2001 साली कायदा बदलला. दोन वर्षं टाकून दिलं एवढंही कारण पुरेसं झालं, तेव्हा ती सुटली. त्या बदलासाठी ख्रिस्ती बायका वर्षानुवर्षं भांडल्या. 1966 साली मुंबईत तलाकविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या सात मुस्लिम बायकांबद्दल मी वाचलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती माझी नणंद.

पुढे तिला एक चांगला माणूस भेटला. दोघांनी रजिस्टर लग्न केलं. सरकारच्या लेखी सगळं सुरळीत झालं. पण चर्चच्या लेखी पहिलं लग्न कायमच होतं. चर्च घटस्फोट मानत नाही. पहिला विवाह मुळातच वैध नव्हता असं चर्चच्या न्यायालयाने ठरवलं तरच दुसरा चर्चमध्ये लावता येतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ती प्रक्रिया सोपी केली. मी उत्साहाने नणंदेला सांगायला गेले. ती म्हणाली, "वहिनी, माझी मुलगी त्या लग्नातली आहे. ते लग्न झालंच नव्हतं असं मी कुठल्या तोंडाने लिहून देऊ?" चर्चच्या कायद्याप्रमाणे त्याने मुलं अनौरस ठरत नाहीत, हे मी तिला समजावलं. तिला ते माहीत होतं. तिचा मुद्दा वेगळा होता.

तर ती दर रविवारी मिस्साला येते. सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत उभे राहतात, तेव्हा ती बाकावर बसून राहते. पाय जवळ घेते, म्हणजे इतरांना बाहेर पडायला जागा व्हावी. हे मी इतकी वर्षं पाहत होते आणि पाहतही नव्हते. माझ्या मुलाने पाहिलं. तो म्हणाला, "तूच वर्गात शिकवतेस, येशू जकातदारांबरोबर जेवायला बसला म्हणून. मग आत्याला पंगतीत का वाढत नाहीत?"

आणि मी त्याला थोबाडीत मारली.

हे सांगायला मला अजून लाज वाटते. त्याने काही चुकीचं विचारलं म्हणून नाही मारलं. मी धर्मशिक्षिका, माझाच मुलगा रांगेत नसणार, बायका काय म्हणतील, हे सगळं त्या हातात होतं. त्या रात्री रोझरीला तो बसला नाही. सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि आत्याला कुणी काही सांगितलं नाही.

मी फादरांकडे गेले, त्यांनी मुलाला समजवावं म्हणून. त्यांनी उलट मलाच सांगितलं की श्रद्धा स्वीकारायला कुणावर कधीही बळजबरी करायची नाही, हे आमच्या कॅनन कायद्यातच लिहिलंय. त्याला आणू नका, तो स्वतः येईल तेव्हा बघू. मला त्यांचाच राग आला. एवढी वर्षं शिकवते आहे आणि ह्यांना काहीच वाटत नाही! घरी येईपर्यंत रिक्षात रडत होते.

नणंदेबद्दलही मी त्यांना विचारलंच. ते म्हणाले, पोपसाहेबांच्या 2016 च्या पत्रानंतर अशा जोडप्यांशी एकेकाची परिस्थिती समजून बोलायला वाट आहे, तिला येऊ द्या. मी निरोप दिला. ती अजून गेलेली नाही. "चौदा वर्षं मी बसले, तेव्हा कुणी उठून विचारायला आलं नाही," एवढंच म्हणाली. त्यावर मी काय बोलणार?

मी मुलाची माफी मागितली. आईने मुलाची माफी मागायची रीत आमच्याकडे नाही, तुमच्याकडेही नसावी. तो ओशाळला, म्हणाला, "बस कर ना आई." त्याच्या बरोबरीच्या मुलांचं दृढीकरण झालं त्या दिवशी आम्ही दोघं चर्चला गेलो. ख्रिस्तप्रसादाची रांग लागली तेव्हा तो आत्याशेजारी जाऊन बसला. मी रांगेत उभी राहिले. मला वाटतं मी योग्य केलं, पण खात्री नाही. माझी श्रद्धा तुटलेली नाही, ती रांग मला हवी असते. फक्त आता तिथे उभं राहताना पाठीमागे कोण बसलंय ते मला कळतं.

तो आता कॉलेजात आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला येतो, मागे उभा राहतो. त्याचं दृढीकरण अजून झालेलं नाही.

यंदा धाकटीचा फॉर्म आलाय. फ्रिजवर चुंबकाखाली आहे. परवा मी तिला विचारलं, "तुला करायचंय का? मनापासून सांग." तिने फ्रिजमधून दही काढलं आणि म्हणाली, "आधी माझी सहामाही होऊ दे, मग सांगते."