गाण्याची वाट

ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेले आहेत. एकाच्या उशाशीं माहुलीचा किल्ला, तर दुसऱ्याच्या पाठीशीं माळशेजचा घाट. या मुलखांत ठाकर, वारली आणि कातकरी यांच्या वाड्या पुष्कळ. वारल्यांच्या लग्नांत धवलेरी गाते. तारप्याच्या सुरावर स्त्रीपुरुष फेर धरतात. येथें गाणें प्रसंगाचें असतें. लग्नाचें गाणें लग्नांत आणि शेताचें शेतांत शोभतें. त्यांतलें पहिलें कोणतें व दुसरें कोणतें, असा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं. गाण्याला क्रमांक लावण्याची संवय देशाला लागली ती रेडिओमुळें. आणि ती कशी लागली, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मध्यवर्ती सरकारांत नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते अभिजात संगीताचे कट्टे अभिमानी. चित्रपटगीतांनीं लोकांची अभिरुचि बिघडते, असें त्यांचें ठाम मत होतें. त्यांनीं त्या गीतांचा वेळ कमी केला. त्यांत चित्रपटनिर्मात्यांशीं तंटा उद्भवला, आणि तीं गीतें सरकारी रेडिओवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. पुढच्या दाराला असें कुलूप लागलें. पण गाणें मागच्या दारानें घरांत शिरलें.

तें मागचें दार सिलोनमध्यें होतें. दुसऱ्या महायुद्धांत दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठीं तेथें उभारलेली शक्तिमान यंत्रसामग्री युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हातीं आली होती. लघुलहरी आकाशांतील विद्युद्भारित थरावर आपटून पुन्हां जमिनीकडे वळतात. त्यांना ना समुद्र आड येतो, ना सह्याद्रीचा कडा. म्हणूनच सुमारें दीड हजार किलोमीटरांवरील कोलंबोचा आवाज कोंकणपट्टींतहि पोंचे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत या केंद्रावरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सयानी हे त्या वेळीं वीस वर्षांच्या आंतबाहेरचे तरुण. कार्यक्रम मुंबईंत ध्वनिमुद्रित होई आणि कोलंबोहून बुधवारीं रात्रीं ऐकूं येई. पहिल्या कार्यक्रमास पन्नासएक पत्रें येतील अशी अपेक्षा असतां नऊ हजार आलीं! पुढें गाण्यांना पायऱ्या लावण्यांत आल्या. रेकॉर्डांची विक्री आणि श्रोतृसंघांचा कौल यांवरून कोणतें गाणें चढलें व कोणतें उतरलें, हें ठरूं लागलें.

सरकारी रेडिओ या काळांत स्वस्थ बसला होता, असें मात्र नव्हे. १ एप्रिल १९५५ रोजीं पुणें केंद्रानें 'गीतरामायण' सुरू केलें. ग. दि. माडगूळकरांचीं छपन्न गीतें व सुधीर फडके यांचें संगीत वर्षभर घरोघर ऐकलें गेलें. या गीतांना कोणी क्रमांक दिला नव्हता. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं 'विविध भारती' सुरू करून सरकारनें आपलें कुलूप आपणच काढलें.

हा प्रकार केवळ आपल्याकडचाच नव्हे. अमेरिकेंत मोठीं केंद्रें ज्या रॉक संगीताला फारशी जागा देत नसत, तें १९८० नंतरच्या दशकांत विद्यार्थ्यांनीं चालविलेल्या कॉलेजच्या रेडिओवर वाढलें. १९९१ सालीं 'निर्व्हाना' या मंडळींचें एक गाणें त्याच गोटांतून निघून सर्वत्र गाजलें. आणि जानेवारी १९९२ मध्यें त्यांच्या गीतसंग्रहानें मायकेल जॅक्सनच्या संग्रहाला अग्रस्थानावरून खालीं ओढलें. लोकांना हवेंसें वाटणारें गाणें अडवितां येत नाहीं, हा धडा दोन्हीं ठिकाणीं एकच.

परंतु या विजयाच्या कथेंत एक उणीव आहे. पत्र लिहिण्यास अक्षर यावें लागतें. शहापूरच्या बाजारांत उपाहारगृहाच्या दाराशीं उभा राहून रेडिओ ऐकणारा ठाकर त्या गाण्यांत तितकाच रमला असेल. पण त्याचें मत कोणत्या टपालांत पडणार? लोकांचा कौल म्हणून जो मोजला गेला, तो मुख्यतः साक्षरांचा कौल होता. कान सर्वांचे होते. जीभ मात्र थोड्यांची. आणि धवलेरीच्या गाण्याची तर रेकॉर्डच नव्हती. तें विक्रीच्या हिशेबांत येणार कोठून?

आतां प्रत्येकाच्या हातीं मोबाइल आला आहे. पत्राचें कारण उरलें नाहीं. नुसतें ऐकणेंहि मोजलें जातें. मुरबाडच्या वाडींतील मुलाची आवड आज हिशेबांत येते, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि मोजणीचा स्वभाव पालटलेला नाहीं. जें लाखों वेळां वाजतें तें वर चढतें. जें वर्षांतून एकदांच, मांडवाखालीं, योग्य मुहूर्तावर गाइलें जातें, तें तळाशींहि दिसत नाहीं. क्रमांकावरून गाण्याला मागणी किती हें कळतें. त्याची गरज किती हें कळत नाहीं. घरांतील मुलांनीं आवडीचीं गाणीं खुशाल ऐकावींत. पण आजीच्या ओठांवर एखादी ओवी अजून असेल, तर ती एकदां त्याच यंत्रांत टिपून ठेवावी. कारण त्या गाण्याला पुढचें दारहि नाहीं आणि मागचेंहि नाहीं. आजीबरोबर तें घराबाहेर गेलें, कीं पुन्हां येणार नाहीं.